शिरोरेषा दोन झाली तेव्हा

खालून तिसऱ्या ओळीवर पेन्सिल टेकवली, ती भलत्याच ओळीवर टेकली. पुन्हा टेकवली, पुन्हा तेच. थांबून नीट पाहिलं, तर त्या ओळीची फिकट जुळी बहीण दोन ओळी खाली पसरली होती. तीही सरळ नाही, उजवं टोक किंचित वर उचललेलं. वरची शिरोरेषा आडवी, खालची तिरकी, आणि उजव्या समासाकडे जाता जाता दोघी एकमेकींच्या जवळ येत होत्या.

मी २६ वर्षं मुद्रितशोधनाचं काम करते, त्यामुळे पहिला संशय छपाईवर गेला. प्रूफ उचलून डोळ्यांसमोर धरलं. ओळ एकच. परत टेबलावर ठेवलं, ओळी दोन. चष्मा पुसला. दिवा जवळ ओढला. पानाच्या वरच्या भागात सगळं ठीक होतं. मध्याच्या खाली उतरलं की ओळ सुटायची.

तीन दिवसांपूर्वी मी माळ्यावरून कागदांचा गठ्ठा काढताना स्टुलावरून घसरले होते. डोक्याची मागची बाजू जमिनीवर आपटली. शुद्ध गेली नाही, उलटी झाली नाही. तरी मुलीने हट्टाने नेऊन सीटी स्कॅन करून घेतला होता आणि तो नॉर्मल आला होता. त्यामुळे पडणं आणि ही दुसरी ओळ यांचा काही संबंध असेल असं माझ्या मनातही आलं नाही. पडले त्याच्या दुसऱ्या दिवशी जिना उतरताना पायरीची कड दोनदा दिसली होती खरी, आणि मी कठडा घट्ट धरला होता. चक्कर असेल म्हणून सोडून दिलं.

डोळे तपासायला गेले तेव्हा मी जे वाक्य बोलले ते मला आजही टोचतं. मी म्हणाले, "वाचताना अंधुक दिसतंय." अंधुक! आयुष्यभर ज्या बाईने लोकांच्या लिखाणात नेमका शब्द शोधला, तिने स्वतःच्या डोळ्यांसाठी चुकीचा शब्द वापरला. अंधुक म्हणजे अक्षराची कड विरघळते. माझं प्रत्येक अक्षर कोरल्यासारखं स्वच्छ होतं, फक्त ते दोन ठिकाणी होतं. मी "एकाची दोन दिसतात" म्हणाले असते तर पुढचे तीन आठवडे वाचले असते, असं मला मनापासून वाटतं.

त्या डॉक्टरांनी अंधुक या शब्दाचाच माग काढला. उजवा डोळा झाकून तक्ता वाचून घेतला, मग डावा झाकून. दोन्ही ६/६. पडदा तपासला, दाब तपासला, सगळं उत्तम. जवळचा नंबर पावने वाढलाय, प्रोग्रेसिव्ह काचा करून घ्या, म्हणाले. एकेक डोळा तपासण्यात त्यांची काही चूक नव्हती. पण माझी तक्रार दोन्ही डोळे उघडे असतानाचीच होती, आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून, खाली बघायला लावून मला कुणी काही दाखवलंच नाही.

नव्या चष्म्याने त्रास वाढला. त्याचं कारण पुढे कळलं. प्रोग्रेसिव्ह काचेत वाचायचा भाग तळाशी असतो, म्हणजे वाचायला नजर खाली न्यावीच लागते, आणि माझी नेमकी खालचीच नजर बिघडली होती.

दरम्यान मुलीच्या एक गोष्ट लक्षात आली. "आई, तू हल्ली मान वाकडी करून का बसतेस?" खरंच, माझी मान डाव्या खांद्याकडे कललेली असायची आणि हनुवटी खाली. मी समजत होते की पडल्यामुळे मान धरलीये. शेकत होते, मलम चोळत होते. आपण वाकडी मान करतो तेव्हा ओळ एक होते, हे माझ्या मेंदूने मला न विचारताच शोधून काढलं होतं.

शेवटी एका न्यूरो-ऑफ्थॅल्मॉलॉजिस्टकडे, म्हणजे डोळे आणि मेंदू यांना जोडणाऱ्या मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे, पाठवलं गेलं. त्यांच्याआधी एक तरुण ऑर्थोप्टिस्ट भेटली. ऑर्थोप्टिस्ट म्हणजे दोन डोळ्यांच्या एकमेकांशी असलेल्या जुळणीची तपासणी करणारी व्यक्ती. तिने नंबर विचारला नाही, तक्ताही दाखवला नाही.

"काकू, एक डोळा झाकला की दुसरी ओळ जाते का?"

मी उजवा झाकला, गेली. डावा झाकला, तरीही गेली.

"मग डोळे चांगले आहेत तुमचे. त्यांची एकमेकांशी गाठ सुटलीये."

ही साधी परीक्षा घरच्या घरी करता येते, आणि ती कुणी मला आधी सांगितली असती तर किती बरं झालं असतं. एक डोळा झाकूनही दोन दिसत असतील तर दोष बहुधा त्या डोळ्यातच असतो: मोतीबिंदू, बुबुळाच्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा, चष्म्याचा नंबर. कोणताही एक झाकल्यावर दुसरी प्रतिमा जात असेल, तर दोन डोळे एकाच दिशेला बघत नाहीयेत. मग शोध स्नायूंचा, त्यांना हुकूम देणाऱ्या मज्जातंतूंचा, किंवा या दोहोंच्या सांध्याचा.

तिचा दुसरा प्रश्न: शेजारीशेजारी दिसतात की वर-खाली? तिसरा: कुठे बघितलं की अंतर वाढतं? चौथा: दुसरी प्रतिमा सरळ असते की तिरकी? मी शिरोरेषांची गोष्ट सांगितली. वरची आडवी, खालची तिरकी, उजवीकडे जवळ येणारी. ती लिहिता लिहिता थांबली आणि म्हणाली, "काकू, हे असं कुणी सांगत नाही हो. यातच बाजू कळते. दोन रेघा जिकडे मिळायला जातात, तो डोळा." म्हणजे उजवा. देवनागरीच्या प्रत्येक ओळीला वरून एक सरळ रेघ असते, म्हणून मला ते दिसलं. त्या क्षणी मला माझ्या लिपीबद्दल जे वाटलं ते शब्दांत मांडता येणार नाही.

मग डॉक्टरांनी डोळ्याचा प्लास्टिकचा नमुना हातात दिला. एका डोळ्याला सहा स्नायू. चार सरळ: वर, खाली, नाकाकडे, कानाकडे. दोन तिरके. या सहांपैकी एकाचं काम बघून मी चकित झाले. वरचा तिरका स्नायू डोळ्याच्या खोबणीत मागून निघतो, पुढे नाकाजवळच्या वरच्या कोपऱ्यात येतो, तिथे कूर्चेची एक छोटीशी कप्पी आहे, तिच्यातून त्याचा दोर जातो आणि उलटा मागे वळून बुबुळगोलाच्या माथ्यावर चिकटतो. लॅटिनमध्ये कप्पीला ट्रॉक्लिआ म्हणतात, म्हणून त्याच्या मज्जातंतूचं नाव ट्रॉक्लिअर. दोर कप्पीवरून उलटा फिरल्यामुळे स्नायू वरच्या बाजूला असूनही डोळ्याला खाली ढकलतो, विशेषतः डोळा नाकाकडे वळलेला असताना. शिवाय तो डोळ्याचा माथा नाकाकडे वळवतो, चाक फिरवावं तसा. खाली आणि आत. वाचायची नजर तीच, पायऱ्या उतरायची नजर तीच.

माझ्या उजव्या डोळ्याचा हा स्नायू ढिला पडला होता. खाली बघताना डावा डोळा पुरता उतरायचा, उजवा थोडा वरच राहायचा. वर राहिलेल्या डोळ्याला वस्तू खाली दिसते. आणि चाक नाकाकडे वळवणारा हात सुटल्यामुळे डोळा बाहेरच्या बाजूला जरासा फिरलेला राहायचा, म्हणून खालची शिरोरेषा तिरकी.

स्नायूला मात्र काही झालेलं नव्हतं. मार बसला होता तो त्याच्या मज्जातंतूला. आपण बोलताना 'नस' म्हणून मोकळे होतो. रक्तवाहिनीही नस आणि मज्जातंतूही नस. मला घरी सगळे विचारत होते, "नस फुटली का?" फुटते ती रक्तवाहिनी. माझा तंतू ताणला गेला होता किंवा ठेचला होता. मेंदूतून थेट निघणाऱ्या मज्जातंतूंच्या १२ जोड्या आहेत. डोळे हलवायला त्यांतल्या तीन: तिसरी, चौथी, सहावी. माझी चौथी.

या चौथीबद्दल डॉक्टर बोलायला लागले तेव्हा त्यांचाही आवाज बदलला. बारा जोड्यांत ही सर्वांत बारीक. मेंदूच्या देठाच्या मागच्या बाजूने बाहेर पडणारी ही एकटीच, बाकी सगळ्या पुढून किंवा कडेने निघतात. बाहेर पडताना डावा तंतू उजवीकडे जातो आणि उजवा डावीकडे, म्हणजे माझ्या उजव्या डोळ्याचा हुकूम मेंदूच्या देठाच्या डाव्या बाजूला सुरू होतो. मग देठाला वळसा घालून पुढे यायचं; कवटीच्या आतला तिचा प्रवास सुमारे ७.५ सेंटिमीटरचा, सगळ्यांत लांब. वाटेत मोठ्या मेंदूच्या खालच्या जाड पडद्याची कड लागते, तिला खेटून जायचं. डोकं आपटतं तेव्हा मऊ मेंदू हलतो, पडद्याची कड जागची हलत नाही, आणि मध्ये सापडतो हा दोऱ्यासारखा तंतू. म्हणून साध्या वाटणाऱ्या मारानेही तो दुखावू शकतो. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसला असता, हाड मोडलेलं दिसलं असतं. इतका बारीक तंतू त्यात दिसत नाही. स्कॅन नॉर्मल होता आणि माझा तंतू दुखावलेला होता, दोन्ही खरं.

मग मान. ऑर्थोप्टिस्टने माझं डोकं दोन्ही हातांत धरून उजव्या खांद्याकडे कलतं केलं आणि समोरचा दिवा बघायला सांगितला. दिव्यांमधलं अंतर एकदम वाढलं. डावीकडे कलतं केलं, दोन दिवे एकमेकांत मिसळून गेले. ही परीक्षा बिल्शॉव्स्की या जर्मन नेत्रतज्ज्ञाच्या नावाने ओळखली जाते. त्यातली गंमत अशी: डोकं उजवीकडे कललं की जग सरळ दिसावं म्हणून उजवा डोळा उलट दिशेला, नाकाकडे, थोडा फिरतो. हे फिरवायला दोन स्नायू लागतात, वरचा तिरका आणि वरचा सरळ. एक डोळ्याला खाली ओढतो, दुसरा वर. म्हणून निरोगी डोळा फिरतो पण वर-खाली होत नाही. माझा तिरका गळाठलेला, मग सरळ एकटाच ओढणार आणि डोळा वर जाणार. डावीकडे मान टाकली की उजव्या डोळ्यावर हे काम येतच नाही. माझी वाकडी मान हा आजार नव्हताच, तो माझ्या शरीराने काढलेला तोडगा होता. मी त्यावर मलम चोळत होते.

जुने फोटो घेऊन या, असंही सांगितलं होतं. काही जणांना हा दोष जन्मापासून असतो, लहानपणापासूनच्या फोटोंत मान एकाच बाजूला कललेली सापडते, आणि पन्नाशीला आल्यावर मेंदूची सांभाळून घ्यायची ताकद संपते. माझे शाळेतले, लग्नातले, मुलीच्या बारशाचे असे सहा फोटो टेबलावर मांडले. सगळ्यांत मान ताठ. म्हणजे दुखापत ताजी. मला त्या ताठ मानेकडे बघून रडू आलं, हे लिहायला संकोच वाटत नाही.

सांभाळून घेण्याबद्दल थोडं सांगते, कारण माझा दोष इतके दिवस का निसटला ते त्यातच आहे. वाचताना नजर सलग सरकत नाही, सेकंदाला तीन-चार उड्या मारते, आणि प्रत्येक उडीनंतर दोन्ही डोळे एकाच अक्षरावर उतरावे लागतात. थोडीफार चूक झाली तर मेंदू दोन चित्रं ओढून एक करतो. आडव्या दिशेला त्याची ही ताकद बरीच असते, उभ्या दिशेला अगदी तुटपुंजी: साधारण २ ते ३ प्रिझम डायॉप्टर. एक प्रिझम डायॉप्टर म्हणजे एक मीटर अंतरावर एक सेंटिमीटरचं सरकणं. माझा फरक समोर बघताना २ होता, तो मेंदू ओढून घ्यायचा. खाली बघताना ४, तिथे दोर तुटायचा. तक्ता समोर टांगलेला असतो. तिथे मी पासच होणार होते. संध्याकाळी काम करून थकले की समोरचंही सुटायचं. संध्याकाळी वाढतं म्हटल्यावर डॉक्टरांनी मायस्थेनियाची रक्ततपासणीही करून घेतली. त्या आजारात तंतू ठीक असतो, पण तंतूकडून स्नायूकडे निरोप पोचण्याच्या जागीच अडथळा येतो आणि दिवस चढेल तसा डोळा थकतो. ती निगेटिव्ह आली.

लहान मुलांचा मेंदू अशा वेळी एक चित्र सरळ दाबून टाकतो. मूल "दोन दिसतात" असं म्हणत नाही, पण तो डोळा हळूहळू आळशी होतो. मोठ्या माणसाच्या मेंदूला हे दाबून टाकणं जमत नाही. म्हणून मला दोन दिसले.

प्रतीक्षाखोलीत इतर दोन तंतूंची माणसंही भेटली. एका आजोबांचा सहावा गेला होता. तो फक्त कानाकडे वळवणाऱ्या एकाच स्नायूचा. त्यांना दोन माणसं शेजारीशेजारी दिसायची, दूरवर बघताना जास्त, बाधित डोळ्याच्या बाजूला बघताना आणखी जास्त. मधुमेह जुना, तंतूला रक्त पुरवणारी बारीक वाहिनी बंद पडलेली. असा प्रकार बहुतेकदा तीनेक महिन्यांत आपोआप सुधारतो, असं त्यांना सांगितलं होतं. पण हाच सहावा तंतू मेंदूभोवतीचा दाब वाढला तरी दबतो, म्हणून त्याचं कारण शोधल्याशिवाय सोडायचं नसतं.

तिसऱ्याचं मात्र मी ठळक लिहिते. तो चार स्नायू हलवतो, वरची पापणी उचलतो आणि बाहुली लहान करतो. तो गेला की पापणी पडते, डोळा खाली आणि बाहेर जातो. पापणी पूर्ण मिटलेली असेल तर दोन दिसतच नाहीत, बोटाने उचलली की दिसतात. त्याबरोबर बाहुली मोठी झाली असेल आणि डोकं जोरात दुखत असेल, तर मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा त्या तंतूवर दाबत असू शकतो. तो फुटायच्या आत इस्पितळात पोचायला हवं, त्याच दिवशी, त्याच तासाला. पन्नाशी उलटलेल्या माणसाला अचानक दोन दिसू लागले आणि कपाळाच्या बाजूला दुखणं, चावताना जबडा भरून येणं असं काही सोबत असेल, तरीही थांबू नये. त्यात नजर कायमची जाऊ शकते.

माझ्यासाठी घाई नव्हती, वाट बघायची होती. दुखावलेला तंतू बरा होतो का ते बघायला किमान सहा महिने द्यायचे, फरक स्थिर होईपर्यंत शस्त्रक्रियेचं नाव काढायचं नाही. तोवर उजव्या काचेच्या खालच्या अर्ध्यावर एक पातळ प्लास्टिकची पट्टी चिकटवली, फ्रेनेल प्रिझम. बारीक बारीक आडव्या चऱ्या असतात तिच्यावर. दीपगृहाच्या भिंगासाठी ज्या फ्रेनेलने ही युक्ती वापरली त्याचं नाव. जाड प्रिझम कापून पट्ट्यांनी सपाट केल्यासारखं. ती उजव्या डोळ्याची ओळ वर उचलून डाव्याच्या ओळीवर ठेवते. अक्षर जरा धुरकट होतं, आणि तिरकेपणा प्रिझमने जात नाही. माझा तिरकेपणा ५ अंशांचा होता, तेवढा मेंदूने जुळवून घेतला. तो १० अंशांच्या वर असता तर दोन्ही बाजूंचे तंतू दुखावलेत का याचा संशय घ्यावा लागला असता, कारण दोघे मेंदूच्या देठाच्या मागे एकमेकांना ओलांडतात तिथेच मार बसलेला असू शकतो.

प्रोग्रेसिव्ह चष्मा बाजूला ठेवला आणि वाचायचा वेगळा घेतला. टेबलावर उतरती फळी उभी केली, त्यावर प्रूफ लावते, म्हणजे नजर खाली न्यावी लागत नाही. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला मुलीने पिवळी पट्टी चिकटवली. ज्या दिवशी काहीच जमायचं नाही त्या दिवशी एका काचेवर दुधी टेप लावून एका डोळ्याने काम करायचे. ग्लासात पाणी ओतताना तेव्हा अंदाज चुकायचा, म्हणून तांब्याची चोच ग्लासाच्या काठाला टेकवून ओतायला शिकले.

चौथ्या महिन्यात खालचा फरक ४ वरून ३ झाला, पाचव्यात २. प्रिझमची पट्टी गेल्या आठवड्यात काढली. सगळ्यात शेवटी सुधारते ती डावी-खालची दिशा, कारण उजवा डोळा नाकाकडे वळून खाली उतरतो तेव्हाच त्या स्नायूचा खरा कस लागतो. पुस्तकात सम पानांचे आकडे नेमके तिथेच असतात, डाव्या खालच्या कोपऱ्यात. रोज काम संपवताना फळी आडवी करते, मान सरळ ठेवते आणि नुसती नजर तिकडे नेते. काल १७२ एकच दिसला. १७४ सुटला, खाली आणखी एक १७४, फिकट, जरासा कललेला. मी थांबून राहिले, आणि श्वासभराने तो वर सरकून पहिल्यात मिसळला.